मी सांगितलं होतं

३ मार्च, दुपार

प्रिय टाचणी,

तुझी तीन पुस्तकं, एक निळा स्वेटर आणि पाणी गरम करायची किटली माझ्याकडे आहे. हॉस्टेलची खोली बदलली तेव्हा कपाटाच्या वरच्या कप्प्यात सापडली. कुठं पाठवू, एवढंच विचारायला हे पत्र.

फोन तू उचलत नाहीस. नंबर बदललास की फक्त माझाच बंद केलास, माहीत नाही. ऑफिसात तुझ्या रजेच्या अर्जावर तुझ्या आईच्या, काकूंच्या, घरचा पत्ता होता, तो उतरवून घेतला. क्लार्क म्हणाला, "अहो डॉक्टर, असं कुणाचं पाहता येत नाही." मी म्हटलं, तिचा स्वेटर द्यायचाय. त्यानं फाईल माझ्याकडे सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला.

इकडची बातमी. आपल्याकडे 'सोबत' नावाची योजना निघाली आहे. शिकाऊ डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांचं ऐकायचं. तू गेल्यावर आणखी दोघं सोडून गेले, त्यानंतर वरून पत्र आलं म्हणे. प्रत्येक विभागातून एक जण 'सोबती' निवडायचा होता. मेडिसिनमधून मॅडमनी कुणाला निवडलं असेल? मला. भर बैठकीत म्हणाल्या, "ही शांत डोक्याची आहे." मी! जिच्या पायाला भिंगरी लागलीय म्हणून तू नावच भिंगरी ठेवलंस!

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. समुपदेशक बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, 'मला समजतंय' हे तर अजिबात म्हणायचं नाही. मग करायचं काय, असं एकानं विचारलं. "बसायचं," त्या म्हणाल्या. तुला माहीत आहे, मला नेमकं तेच जमत नाही.

खोली मिळाली आहे ती एक्स-रेच्या मागची. पूर्वी तिथं सलाईनचे मोडके स्टँड ठेवायचे. आता दोन खुर्च्या, एक टेबल, कागदी रुमालांचा डबा. मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते पाच.

तू कशी आहेस? मी बरी आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण चालवून घेईन.

भिंगरी


१९ मार्च, खोलीत, चार वाजता

टाचणी,

दोन आठवड्यांत 'सोबत'च्या खोलीत आलेली माणसं: एक जण फोन चार्ज करायला. एक जण, हाडांच्या विभागातला धिप्पाड गडी, दारात उभा राहून म्हणाला, "इथं झोपलं तर चालेल का?" मी हो म्हटलं. फरशीवर उताणा पडला आणि चाळीस मिनिटं घोरला. जाताना हात जोडून म्हणाला, "मॅडम, फार बरं वाटलं." महिन्याच्या अहवालात मी लिहिलंय: आलेले, एक. विषय, झोप.

तू असतीस तर हसून खुर्चीवरून पडली असतीस.

कुणी येत नाही त्याचं कारण मला ठाऊक आहे. इथं आलेलं दिसलं की दुसऱ्या दिवशी सगळीकडे होणार, अमुक ढेपाळला. मग त्याला ऑपरेशनला घेत नाहीत, चांगल्या केसेस देत नाहीत. वाईट कुणीच वागत नाही. फक्त जरा जपून वागतात. ते जास्त लागतं.

मी म्हणजे ठीक आहे. केसपेपर तीन-तीनदा तपासते एवढंच. वॉर्डातून निघते, जिन्यापर्यंत येते, परत जाते, सगळ्या खाटांवरचे कागद पुन्हा बघते, सही, वेळ, डोस. परवा वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या वॉर्डात काही सांडलंय का तुमचं? सारखं शोधताय ते." सगळे हसले. मीही हसले. जेवण जात नाही, पण इथलं जेवण कुणालाच जात नाही.

त्या प्रकरणाबद्दल मी लिहिणार नाही. चौकशी झाली, संपलं. तुझ्यावर तसा ठपकाही नव्हता; 'विश्रांतीची गरज आहे' एवढंच लिहिलं होतं त्यांनी. राजीनामा तू दिलास. थांबली असतीस तर निभावलं असतं, असं सगळेच म्हणतात.

हे खोडावंसं वाटतंय. पण पेननं लिहिलंय.

भिंगरी


२ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी सहा

टाचणी,

आज खरोखर कुणीतरी आलं.

भूल विभागातल्या पहिल्या वर्षाच्या एक आहेत. तू गेल्यावर आल्या, तू पाहिलं नाहीस त्यांना. हुद्द्यानं आपल्या ज्युनिअर, वयानं चौतीस. आठ वर्षं एका छोट्या दवाखान्यात काम करून मग शिकायला आल्या. चार वर्षांची मुलगी सासूबाईंकडे ठेवली आहे, नवऱ्याची नोकरी तिसरीकडे. त्यांना सगळे ताई म्हणतात. त्यांचे सरसुद्धा, कधी चुकून.

आल्या, बसल्या. मी प्रशिक्षणातलं आठवून म्हटलं, "आधी जरा सावकाश श्वास घेऊया का?"

"डॉक्टर," ताई म्हणाल्या, "मी भूल देते. दिवसभर लोकांचे श्वासच मोजते. ते नको."

मग मी गप्प बसले. पाय हलत होता, तो हातानं दाबून धरला.

त्यांनी सांगितलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी एका ऑपरेशनला त्यांनी दोन सिरिंजा भरून ठेवल्या. सारख्याच मापाच्या. एकीची चिठ्ठी ओली होऊन अर्धी सुटली होती. सर्जन घाई करत होते. ताईंनी सिरिंज उचलली, नळीला लावली, आणि दाबायच्या आधी अंगठा थांबला. का थांबला ते त्यांनाही सांगता येत नाही. बघतात तर भलतंच औषध. बदललं. पेशंटला काही झालं नाही, तो चौथ्या दिवशी चालत घरी गेला. पण तेव्हापासून त्या औषध भरतात, ओतून टाकतात, पुन्हा भरतात. सर्जन चिडतात. मुलीशी फोनवर बोलताना ती काय म्हणाली ते पुढच्या मिनिटाला आठवत नाही. "हात चालतो," म्हणाल्या, "पण हाताच्या मागे कुणी नाही असं वाटतं."

मी विचारलं, "तुमच्या सरांना सांगितलंत?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "सांगू? वेड लागलंय का? गेल्या वर्षी तुमच्या मेडिसिनमधल्या त्या मुलीचं काय झालं, ऐकलंय मी. आल्या दिवसापासून सगळ्यांनी सांगितलंय. म्हणे चौकशीत सरळ म्हणाली, माझ्याकडून राहिलं असेल. खरं बोलली आणि घरी गेली. आणि तिच्याबरोबर एक मैत्रीण होती म्हणे, ती शहाणी. ती बोलायचं तेवढंच बोलली. ती इथंच आहे अजून, मजेत."

मी त्यांना पाणी दिलं. ग्लास भरताना टेबलावर सांडलं. त्यांना नाव माहीत नव्हतं गं. फक्त गोष्ट माहीत होती.

शुक्रवारी परत या म्हटलं. हो म्हणाल्या.

आज आणखी लिहवत नाही.


३ एप्रिल, सकाळ

टाचणी,

आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून धुलाईच्या खोलीत यंत्रासमोर बसले आहे. कपडे होईपर्यंत इथून हलता येत नाही.

गेल्या वर्षी अकरा जुलै. तू तिथंच होतीस, तरी सगळं लिहिते, कारण त्यातला एक भाग फक्त मी पाहिला आहे.

चित्रकलेचे मास्तर कॅज्युअल्टीत आले चार वाजता. पायाच्या शिरेत गुठळी. रक्त पातळ करायचं इंजेक्शन मी लिहिलं. सिस्टर दुसरीकडे अडकल्या होत्या म्हणून मीच दिलं. चार वाजून दहा मिनिटांनी. कागदावर खूण करायला पेन काढलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा श्वास थांबला. धावले. त्यांना परत आणेपर्यंत अर्धा तास गेला. मास्तरांना तोवर वर वॉर्डात नेलं होतं, चौदा नंबरला. कागद त्यांच्याबरोबर. इंजेक्शन लिहिलेलं, खूण नाही.

पाच वाजता माझी ड्यूटी संपली, तुझी सुरू झाली. तू आदल्या रात्रीची ड्यूटी करून चार तास झोपली होतीस. एक जण आजारी पडला म्हणून तुला परत बोलावलं होतं. मी सव्वीस तास उभी होते. लिफ्टच्या दारात उभं राहून मी तुला अठरा खाटांचे पेशंट सांगितले, दहा-अकरा मिनिटांत. लिफ्ट दोनदा येऊन गेली.

त्यात मास्तरांचं इंजेक्शन दिलंय हे मी सांगितलं नाही.

सांगितलं नाही, टाचणी. अंधूक नाही, कदाचित नाही. हॉस्टेलच्या जिन्यात मला आठवलं. फोन करायचा म्हणून खिशात हात घातला, फोन बंद पडला होता. वर जाऊन चार्जिंगला लावला आणि शेजारी बूट न काढता आडवी झाले. उठले तेव्हा सकाळ होती.

तू कागद बघितलास, खूण नाही म्हणून इंजेक्शन दिलंस. कुणीही दिलं असतं. मीही. सकाळी मास्तरांना रक्ताची उलटी झाली. पोटात जुना व्रण होता, तो वाहायला लागला. सात बाटल्या रक्त, नऊ दिवस अतिदक्षता विभागात, एकूण एकोणीस दिवस. मास्तरांच्या मुलीनं व्हरांड्यात तुझा हात धरून तुला काय काय ऐकवलं, ते मी औषधांच्या कपाटामागून ऐकत होते.

चौकशीच्या दिवशी आधी मला बोलावलं. मॅडम, अधीक्षक आणि मोठ्या सिस्टर. कॅज्युअल्टीच्या साठ्यातून इंजेक्शन कमी झालेलं त्यांना कळलं होतं. अधीक्षकांनी विचारलं, "दिलं आहे, हे तुम्ही पुढच्या डॉक्टरांना सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "हो. मी सांगितलं होतं."

मी ठरवून गेले नव्हते. खोटं बोलायला माणूस आधी काही तयारी करत असेल असं मला वाटायचं. तसं काही नसतं. एक दार उघडं दिसतं आणि पाय पडतो.

मग तुला आत बोलावलं. मी तिथंच बसले होते. त्यांनी तुला तेच विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही, नीट आठवायला मदत हवी असते तसं. आणि म्हणालीस, "मला तसं आठवत नाही. पण ती म्हणते म्हणजे सांगितलंच असेल. ती खोटं बोलत नाही."

त्यानंतर महिनाभर तू बॅग भरत होतीस. मी पलंगावर बसून बघायचे. तू म्हणालीस, "माझ्या डोक्याचा मला भरवसा नाही राहिला गं. सांगितलेलं पूर्णच्या पूर्ण पुसलं जातं म्हणजे काय? अशा डोक्यानं पेशंटला हात लावू नये." आणि मी काय म्हटलं माहीत आहे ना? "विश्रांती घे, होईल ठीक."

होईल ठीक!

तुझं डोकं बिघडलेलं नव्हतं. काहीही पुसलं गेलं नव्हतं. न सांगितलेलं आठवणार कसं?

यंत्र थांबलंय. हे आत्ता टाकून येते, नाहीतर टाकणार नाही.


१९ एप्रिल

टाचणी,

तुझं काही आलं नाही. अपेक्षा नव्हती. तरी रोज खाली टपालाच्या कप्प्यात हात घालून बघते.

त्या शुक्रवारी ताई आल्या. मी नियम मोडला. आधी स्वतःच बोलले. म्हटलं, "ती शहाणी मैत्रीण मी आहे. आणि मी तिला सांगितलं नव्हतं." सगळं सांगितलं. ताई ऐकत होत्या, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. प्रशिक्षण खरं तर त्यांना द्यायला हवं होतं.

शेवटी म्हणाल्या, "शहाणी म्हटलं ते मी परत घेते."

"घ्या."

"तिला कळवलंत?"

"पत्र टाकलं."

"आणि मॅडमना?"

माझा पाय हलायला लागला होता. ताईंनी तो बघितला. म्हणाल्या, "असं करू. आधी माझ्या सरांकडे तुम्ही माझ्याबरोबर चला. मग तुमच्या मॅडमकडे मी येते. एकटीनं दोघींनाही जमणार नाही."

सोमवारी गेलो. मी म्हटलं, मी काय बोलू? ताई म्हणाल्या, काही नका बोलू, फक्त दाराच्या बाजूला बसा म्हणजे मला पळता येणार नाही. मी बसले. ताईंनी सिरिंजेचं सांगितलं, उलटसुलट, मधून शेवट, शेवटून सुरुवात. सरांच्या कपाळावर आठ्या. "तीन आठवडे? तीन आठवडे गप्प बसलात?" मला वाटलं संपलं. मग ते म्हणाले, "कुठली चिठ्ठी? दाखवा मला." उठले आणि आम्हाला घेऊन ऑपरेशन थिएटरात गेले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून एकेक पाण्यात बुडवून बघत बसले. दहातल्या सहा सुटल्या. तिथल्या तिथं जुना गठ्ठा टोपलीत फेकला, निरनिराळ्या रंगांच्या नव्या मागवल्या. जाता जाता ताईंना म्हणाले, "चार दिवस घरी जा. आल्यावर पंधरा दिवस माझ्याबरोबर काम करा."

ताई दोन दिवस नुसत्या झोपल्या म्हणे. मुलीनं त्यांच्या तळपायांवर पेननं फुलं काढली, तरी जाग आली नाही. तशाच पायांनी परत आल्या. मला मोजा काढून दाखवलं.

माझं काम मात्र मी दहा दिवस पुढं ढकललं. परीक्षा, राउंड, मॅडम रजेवर. काल ताईंनी विचारलं, "कधी जाताय?"

"उद्या."

"उद्या किती वाजता? मला दोन ते तीन सुट्टी असते."

आज दोन वाजता गेले. ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मॅडमनी ऐकलं. बराच वेळ टेबलावरची काच पुसत होत्या. मग म्हणाल्या, "आठ महिने झाले. प्रकरण मिटलं. आता हे कशासाठी? तुझं हे शेवटचं वर्ष आहे."

मी म्हटलं, "तिला वाटतंय तिचं डोकं बिघडलंय, मॅडम."

"तिला सांग. मला कशाला सांगतेस?"

"चौकशीच्या कागदावर तेच लिहिलंय. तो कागद खोटा आहे."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्या दिवशी तिनं तुझ्याकडे पाहिलं, आणि तू मान खाली घातलीस. मी पाहिलं होतं. मला तेव्हाच विचारायला हवं होतं." नंतर वळल्या. "लेखी दे. आजच. उद्यापर्यंत तू विचार करशील."

तिथंच बसून लिहिलं. सही केली, ती माझ्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही.

भिंगरी


११ मे

टाचणी,

तुला अधीक्षकांचं पत्र मिळालं असेल. चौकशीचा अहवाल बदलला आहे. 'विश्रांतीची गरज आहे' ते वाक्य काढलं आहे. तुला परत यायचं असेल तर जागा आहे, किंवा दुसरीकडे जायचं असेल तर तसं प्रमाणपत्र. हे त्यांनी लिहिलं असेलच, पण त्यांची भाषा तुला माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगते.

माझं काय झालं ते: लेखी ताकीद, शिक्षण सहा महिने लांबलं, 'सोबत'मधून काढलं. शेवटचं सोडलं तर बाकी मी धरूनच चालले होते. माझ्या जागी ताईंना घेतलंय. खोलीत आता रांग असते म्हणे. तो हाडांचा गडी परत आला होता. या वेळी झोपला नाही, बोलला.

सगळे माझ्याशी जरा जपून वागतात. काही जण जेवणाच्या टेबलावरून उठतात. घरी बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं." आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून बोलले नाहीत.

मास्तरांच्या घरी मॅडम आणि मी गेलो होतो. मास्तर आता काठीनं चालतात. ऐकून म्हणाले, "म्हणजे औषध दोनदा मिळालं. आणि एकदा मिळालं हे सांगायला तुम्हाला इतके महिने लागले." आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. मुलगी दारापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "त्या बारीक डॉक्टरांना आम्ही किती बोललो. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. त्या कुठं असतात?"

मी सांगितलं नाही. तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

तुझं सामान घेऊन मी पंचवीस तारखेला, शनिवारी, येते आहे. नको असेल तर दार उघडू नकोस. सामान पायरीवर ठेवून जाईन.


२८ मे

टाचणी,

हे शेवटचं. तू मला लिही म्हणाली नाहीस, लिहू नको असंही म्हणाली नाहीस. शनिवारी जे झालं ते मी लिहून ठेवते आहे, कारण मला ते चुकीचं आठवायला नको.

दार काकूंनी उघडलं. गळ्यात शिवणाची टेप होती. मला ओळखलं, आणि दार अर्धवट धरून उभ्या राहिल्या. आतून तू म्हणालीस, "येऊ दे, आई."

तू जास्तच बारीक झाली आहेस. समोर शाळेतल्या मुलांच्या विज्ञानाच्या वह्या होत्या. आणि भिंतीवर, दारावर, कपाटावर तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. 'गॅस बंद केला का?' 'कुलूप लावलं?' 'आईचं औषध दिलं, खूण कर.' काकूंचं औषध म्हणजे सकाळची एक गोळी. तिच्यासाठी तू महिन्याचा तक्ता केला होतास, एकेका दिवसापुढं दोन-दोन खुणा.

मी बसले नाही. तू बस म्हणाली नाहीस.

"पत्रं आली," तू म्हणालीस. "पहिल्या तिनांत काहीच नव्हतं. चौथं वाचलं."

"टाचणी, मी..."

"थांब. माफी नंतर. किंवा नकोच." तू वही मिटलीस. "त्या दिवशी लिफ्टपाशी तू मला जे सांगितलंस, ते सगळं आत्ता सांग. एक नंबरपासून."

"सगळं?"

"अठराच्या अठरा. तू तपासत बसतेस ना सारखी, तुला पाठ असेल."

पाठ होतं. मी सुरू केलं. एक नंबर, दम्याचे आजोबा, वाफ दर सहा तासांनी. दोन नंबर, साखर वाढलेली. तीन, उद्या घरी. तू डोळे मिटून ऐकत होतीस. सात नंबरला तुझी बोटं टेबलावर हलायला लागली, माझ्याबरोबर मोजत असल्यासारखी. नऊ, दहा, अकरा. मी म्हटलं, "बारा नंबर, मूत्रपिंडाच्या बाई, लघवी मोजायची, बाकी..."

"ताप," तू म्हणालीस.

"काय?"

"बारा नंबरला ताप होता. एकशे एक. रक्त तपासायला पाठवलंय, रिपोर्ट आठ वाजता बघ, असं तू म्हणालीस. आणि मग लिफ्ट आली, आतल्या माणसानं विचारलं, येताय का, तू त्याला म्हणालीस, तुम्ही व्हा पुढं."

हे सगळं झालं होतं. मी विसरले होते.

"पुढं," तू म्हणालीस. डोळे उघडे होते आता.

"तेरा नंबर रिकामा."

"रिकामा. गादी बदलायची होती."

"चौदा नंबर, चित्रकलेचे मास्तर. पायात गुठळी. इंजेक्शन लिहिलंय."

"लिहिलंय," तू म्हणालीस.

"हो."

"दिलंय असं म्हणाली नाहीस. लिहिलंय म्हणालीस."

"लिहिलंय म्हणाले."

"मला तेव्हाही तेच ऐकू येत होतं," तू म्हणालीस. "रोज. आंघोळ करताना, भाजी चिरताना. लिहिलंय, लिहिलंय. मला वाटायचं, हेच माझ्या डोक्यानं तयार केलंय. स्वतःला वाचवायला."

काकू दारात उभ्या होत्या, हातात अर्धवट शिवलेली बाही. तू म्हणालीस, "उरलेले चार सांग." मी सांगितले. सतरा नंबरला मी पुन्हा चुकले, आणि तू मला पुन्हा सुधारलंस.

"आता जा," तू म्हणालीस. "मला राग येतोय आणि मला तो एकटीनं येऊ द्यायचाय."

मी विचारलं, परत येशील का कामाला? तू म्हणालीस, "ते तुला कळवायला मी बांधील नाही." बरोबर आहे. नाहीस.

मी सामान टेबलाशी ठेवलं आणि बाहेर आले. दार लागलं. जिना उतरताना पहिल्या वळणावर मी पायरीवर बसले. खिडकी वरच होती, उघडी. आतून तुझा आवाज आला. ओरडत नव्हतीस, रडतही नव्हतीस. वॉर्डात राउंडला बोलायचीस तसा, स्वच्छ, भराभर. तू काकूंना सांगत होतीस, "आई, बारा नंबरला ताप होता. तिला आठवलं नाही, मला आठवलं. गादी आठवली. सतरा नंबर आठवला. आई, मला सगळं आठवत होतं."